थंडीत मासे का मरतात? घरगुती फिश टँक, त्याचा हीटर आणि आपला धंदा

परभणी–जिंतूर रस्त्यावरच्या आमच्या झरीसारख्या गावांतही माशांची काचेची टाकी आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. दवाखाना, सलून, मोबाईलचे दुकान, नव्या घराची बैठक, जिथे चार माणसे बसतात तिथे ती ठेवावी असे लोकांना वाटू लागले आहे. या मालात आपल्या अनेक बंधूंची रोजी-रोटी गुंतलेली आहे. कोणी काच कापतो, कोणी लोखंडी स्टँड वेल्डिंग करून देतो, कोणी वायरिंग जोडतो, तर कोणी मासे आणून विकतो. म्हणून आज या पानावर आम्ही हा विषय घेतला आहे.

या धंद्याचे एक ठरलेले दुखणे आहे. दिवाळीच्या सुमारास हौसेने घेतलेले मासे डिसेंबर-जानेवारीत एकेक करून पाण्यावर तरंगू लागतात. गिऱ्हाईक म्हणते, "आमच्या घरात मासे लाभत नाहीत." दुकानदार म्हणतो, "नवे घेऊन जा." नवे मासेही आठ दिवसांत जातात. मग टाकी माळ्यावर पडते, गिऱ्हाईक तुटते आणि ते आणखी चार जणांना सांगते की या भानगडीत पडू नका. यात नशिबाचा किंवा लाभण्याचा काहीही संबंध नाही. कारण साधे आहे व उपायही साधा आहे. तो विकणाऱ्याला नीट माहीत असला तर मासे जगतात आणि धंदाही जगतो.

थंडीपेक्षा चढ-उतार वाईट

मराठवाड्यात परभणीची थंडी प्रसिद्ध आहे. डिसेंबर २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२४ मध्ये परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात किमान तापमान ५ अंशांच्या खाली नोंदले गेले. दुपारी मात्र ऊन चांगले तापते. म्हणजे एकाच दिवसात मोठा चढ-उतार होतो. माणूस अंगावर शाल घेतो. माशाचे तसे नसते. बहुतेक माशांच्या शरीराला स्वतःची ऊब नसते, पाणी जितके गरम तितकेच त्यांचे अंग गरम. पाणी गार झाले की त्याचे पचन मंदावते, भूक जाते आणि रोगाशी लढण्याची ताकद कमी होते. आपण नेहमीप्रमाणे दाणे टाकत राहतो. न खाल्लेले दाणे तळाशी कुजतात व पाणी विषारी होते. दुपारी पाणी पुन्हा तापते, रात्री पुन्हा उतरते. अशा ओढाताणीत चार-सहा दिवसांत माशांच्या अंगावर मिठाच्या कणासारखे पांढरे ठिपके दिसू लागतात. हा एक परजीवी रोग आहे आणि थंडीने खचलेल्या माशाला तो लवकर धरतो.

आता एक गोष्ट पाहावी. आरोग्य खात्याचे कर्मचारी डासांच्या अळ्या खाण्यासाठी विहिरी व डबक्यांत गप्पी मासे सोडतात. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उबदार भागातला. तरी तो आपल्या विहिरीत हिवाळा काढतो आणि घरातल्या सुंदर काचपेटीत मात्र मरतो. असे का? भल्या पहाटे ज्याने विहिरीचे पाणी शेंदले आहे त्याला उत्तर ठाऊक आहे. थंडीत विहिरीचे पाणी हाताला कोमट लागते. खोल जमिनीचे तापमान वर्षभर जवळपास एकसारखे असते आणि पाण्याचा साठाही मोठा असतो, म्हणून रात्रीच्या हवेने ते चटकन उतरत नाही. जुन्या माळवदाच्या घरातही हाच गुण होता. जाड मातीचे छत रात्रीची थंडी आत येऊ देत नसे. पत्र्याचे घर दुपारी भट्टी असते आणि पहाटे बर्फ. अशा घरात लहानशी उघडी काचपेटी म्हणजे माशाला दोन्हीकडून मार.

तेव्हा पहिला नियम हा की हीटरचे काम पाणी गरम करणे एवढेच नाही, पाणी रात्रंदिवस एकसारखे ठेवणे हे त्याचे खरे काम आहे. पुढचे सारे या एका नियमावर उभे आहे.

काही जुनी गिऱ्हाइके म्हणतात, "पूर्वी आम्ही हीटर लावत नव्हतो, तरी मासे जगत होते." त्यांचे म्हणणे खोटे नाही. पूर्वी टाकीच्या झाकणात ४० किंवा ६० वॉटचा पिवळा बल्ब असे. त्या बल्बची बहुतेक वीज उष्णतेत जात असे आणि तो रात्री उशिरापर्यंत चालू राहिला की झाकणाखालचे पाणी ऊबदार राहत असे. आता त्या जागी एलईडी पट्टी आली. प्रकाश भरपूर, वीज थोडी, पण ऊब जवळजवळ नाही. नकळत लागलेला हीटर निघून गेला आणि त्या जागी दुसरा बसवला गेला नाही.

टाकी कशी व केवढी

घरात शोभेचे मासे काचेत ठेवण्याची चाल एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये वाढली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये माशांचे सार्वजनिक दालन उघडले. मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले आणि अनेकांनी पहिली मोठी काचपेटी तिथेच पाहिली. त्या काळी घरगुती टाकी लोखंडी अँगलच्या चौकटीत काच बसवून लांबीने बंद करत. पुढे सिलिकॉन आले आणि चौकटीची गरज संपली. आज काच कापण्याचा हात असलेला कोणताही कारागीर ही टाकी बनवू शकतो.

आम्ही सुरुवातीसाठी २४ इंच लांब, १२ इंच रुंद व १२ इंच उंच ही टाकी सुचवतो. काच ५ मिलिमीटरची घ्यावी. तळाची एक काच २४ बाय १२, पुढची व मागची प्रत्येकी २४ बाय १२. बाजूच्या दोन काचा मात्र रुंदीत १२ इंचांपेक्षा १२ मिलिमीटर कमी कापाव्यात, कारण त्या पुढच्या-मागच्या काचांच्या मधे बसतात व सिलिकॉनला थोडी जागा लागते. काचेच्या कडा पॉलिश दगडाने मारून घ्याव्यात, नाहीतर साफ करताना हात कापतो. सिलिकॉन घेताना बुरशीनाशक मिसळलेले, न्हाणीघरासाठीचे घेऊ नये, त्यातले औषध माशांना मारक असते. टाकी जोडल्यावर किमान दोन दिवस, आणि सिरक्याचा वास पूर्ण जाईपर्यंत, पाणी भरू नये. नंतर अंगणात सपाट जागी भरून दोन दिवस ठेवावी. गळती असेल तर ती गिऱ्हाइकाच्या बैठकीत नाही, आपल्या अंगणात दिसावी.

या टाकीत काठोकाठ सुमारे ५४ लिटर पाणी मावते. वरची मोकळी जागा व वाळू सोडली तर प्रत्यक्षात सुमारे ४५ लिटर. काच, वाळू व पाणी मिळून वजन साठ-पासष्ट किलो होते. वेल्डर बंधूंनी स्टँड करताना हे ध्यानात ठेवावे. चारही पाय समतल हवेत. टाकीखाली अर्ध्या इंचाचा थर्माकोल घालावा. त्यामुळे काचेवर सर्वत्र सारखा दाब पडतो आणि खालून थंडीही लागत नाही.

गोल काचेचे भांडे स्वस्त पडते म्हणून लोक ते मागतात. त्यात दहा लिटरही पाणी नसते. थोडे पाणी लवकर तापते, लवकर गार होते आणि लवकर घाण होते. ते विकण्यात आपला फायदा कमी आणि बदनामी जास्त आहे.

टाकी खिडकीसमोर, दाराच्या झोतात किंवा पत्र्याला लागून ठेवू नये. आतल्या भिंतीला लागून, उन्हापासून दूर ठेवावी. वर झाकण हवेच, थोडी हवा खेळेल असे. उघड्या पाण्याची वाफ होते आणि वाफ जाताना ऊब घेऊन जाते. आपल्या माठाचे पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने उघडी टाकी गार होते.

आधी पाणी, मग मासे

धंद्यातली मोठी चूक म्हणजे टाकी आणि मासे एकाच दिवशी विकणे. मासा पाण्यातच श्वास घेतो व पाण्यातच मलमूत्र टाकतो. त्यातून अमोनिया तयार होतो, तो विष आहे. निसर्गात काही सूक्ष्म जिवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारी आहे, नायट्रेट मात्र थोड्या प्रमाणात चालते आणि पाणी बदलले की निघून जाते. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर व वाळूवर वस्ती करतात. नव्या टाकीत ती वस्ती नसते. ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. पाणी गार असेल तर त्याहून जास्त, कारण जिवाणूही थंडीत मंदावतात. म्हणून हिवाळ्यात नवी टाकी लावताना हीटर पहिल्या दिवसापासून चालू हवा.

पद्धत अशी. वाळू पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावी, साबण लावू नये. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते, ते पाणी रुंद तोंडाच्या बादलीत चोवीस तास उघडे ठेवावे. बोअरचे पाणी असेल तर त्यात हवा कमी असते, तेही रात्रभर हवेच्या पंपाने ढवळून घ्यावे. आपल्या काळ्या खडकातले बोअरचे पाणी बहुधा जड असते. ते गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल यांना मानवते. निऑन टेट्रा किंवा डिस्कस यांना ते मानवत नाही, म्हणून रंग पाहून गिऱ्हाइकाने मागितले तरी हे मासे नवख्याला देऊ नयेत.

स्पंज फिल्टर व हवेचा पंप जोडावा. दोन-चार दिवसांनी दोन किंवा तीन कणखर मासे सोडावेत, दाणे अगदी थोडे द्यावेत आणि दर दोन-तीन दिवसांनी चौथा हिस्सा पाणी बदलावे. चालू टाकीतला जुना स्पंज मिळाला तर तो नव्या टाकीत घालावा, जिवाणूंचे विरजण लागते आणि काम लवकर होते. महिना-दीड महिन्याने बाकीचे मासे. ४५ लिटरमध्ये आठ-दहा लहान मासे पुरेत. बदलायचे पाणी हिवाळ्यात टाकीइतकेच कोमट करून घालावे. थर्मामीटर बादलीत धरून पाहावे, बोटाचा अंदाज धरू नये.

हीटर कसा चालतो, किती वॉटचा घ्यावा

काचेच्या नळीत तापणारी तार आणि तिच्या शेजारी थर्मोस्टॅट, एवढाच साध्या हीटरचा संसार. साध्या थर्मोस्टॅटमध्ये दोन वेगळ्या धातूंची एकमेकांना चिकटवलेली पट्टी असते. तापल्यावर एक धातू जास्त पसरतो, दुसरा कमी, त्यामुळे पट्टी वाकते आणि वीज तुटते. गार झाली की पट्टी सरळ होते व वीज जुळते. आपल्या इस्त्रीत रेशीम, सूती अशी खूण असलेली चकती फिरवतो, तिच्याखाली हेच यंत्र असते. टाकीसाठी चकती २५ किंवा २६ अंशांवर ठेवावी.

आता हिशेब. एक लिटर पाणी एक अंश तापवायला सुमारे १.१६ वॉट-तास लागतात. ४५ लिटरला सुमारे ५२. म्हणजे ५० वॉटचा हीटर तासाभरात पाणी जवळपास एक अंश चढवतो, तेही ऊब बाहेर जात नाही असे धरून. पण ऊब जातेच. आमच्या हिशेबाने या मापाच्या झाकलेल्या टाकीतून खोली व पाणी यांच्यातील दर अंशाच्या फरकामागे चार-साडेचार वॉट ऊब निघून जाते. खोली १६ अंश व पाणी २६ अंश असेल तर नुसते आहे तिथे टिकवायला ४०-४५ वॉट सतत हवेत. म्हणून "लिटरला एक वॉट" हा दुकानी नियम बंद, उबदार खोलीत चालतो. पत्र्याच्या घरात किंवा रात्री बंद पडणाऱ्या दुकानात ४५ लिटरला १०० वॉट धरावेत.

हे १०० वॉट एका हीटरऐवजी ५०-५० च्या दोन हीटरमधून घेणे शहाणपणाचे. थर्मोस्टॅटची टोके कधी कधी ठिणगीने चिकटतात आणि हीटर बंद होतच नाही. १०० वॉटचा असा अडकला तर मासे शिजतात. ५० वॉटचा अडकला तर पाणी सावकाश चढते व आपल्याला कळायला वेळ मिळतो. एक अजिबात बंद पडला तर दुसरा रात्र निभावून नेतो. खर्च थोडा जास्त, जोखीम खूप कमी.

विजेचा खर्च गिऱ्हाईक विचारतेच. ५० वॉटचा हीटर सलग वीस तास चालला तर एक युनिट होते. थर्मोस्टॅटमुळे तो सतत चालत नाही. रात्रीचे बारा तास पूर्ण चालला असे धरले तरी एका हीटरला ०.६ युनिट. आपल्या बिलावरच्या दराने गुणून गिऱ्हाइकाला आकडा आधीच सांगावा. नंतर बिल पाहून त्याने हीटर काढून ठेवला तर मासे जातात.

हीटर फिल्टरच्या बुडबुड्यांजवळ तिरपा लावावा, म्हणजे गरम पाणी सर्वत्र फिरते. थर्मामीटर दुसऱ्या टोकाला लावावे. चकतीवरचा आकडा आणि थर्मामीटरचा आकडा यांत एक-दोन अंशांचा फरक असू शकतो, भरवसा थर्मामीटरवर ठेवावा. गार झालेले पाणी एकदम चढवू नये, तासाला एक अंशापेक्षा जास्त नको.

वीज गेली तर

वरच्याच हिशेबाने, १६ अंशांच्या खोलीत २६ अंशांचे झाकलेले पाणी पहिल्या तासात पाऊण ते एक अंश उतरते. चार तासांत सुमारे तीन अंश. निरोगी मासे हे सहन करतात. दहा लिटरच्या भांड्यात हीच घसरण जवळपास दीडपट ते दुप्पट वेगाने होते. वीज जाताच टाकीला चारही बाजूंनी गोधडी किंवा जाड चादर गुंडाळावी, वरून हवेला थोडी वाट ठेवावी. दाणे देऊ नयेत. गरम पाणी सरळ टाकीत ओतू नये. प्लास्टिकच्या बाटलीत कोमट पाणी भरून, झाकण घट्ट लावून ती तरंगत सोडावी व दर अर्ध्या तासाने बदलावी.

घरात इन्व्हर्टर असेल तर हवेचा पंप त्यावर ठेवावा. तो चार-पाच वॉटच घेतो आणि फिल्टरमधील जिवाणूंनाही हवा मिळते. हीटर इन्व्हर्टरवर ठेवला तर रात्रीत बॅटरी उतरेल.

जिवाची खबरदारी

पाणी आणि वीज एकत्र आहेत, घरात लेकरे आहेत. या बाबतीत काटकसर नको.

पाणी तापवण्याचा बादलीतला रॉड टाकीत कधीही घालू नये. १००० वॉटचा रॉड ४५ लिटर पाणी साधारण तीन मिनिटांत एक अंश चढवतो, म्हणजे वीस मिनिटांत सहा-सात अंश. त्याला थर्मोस्टॅट नसतो, आणि पाण्यात हात घातला तर माणसाच्याच जिवावर बेततो.

हीटरला अर्थिंग असलेले सॉकेट द्यावे. त्या लाईनवर ३० मिलिअँपिअरची ईएलसीबी किंवा आरसीसीबी बसवावी. इलेक्ट्रिशियन बंधूंनी हे काम टाकीच्या सौद्यातच धरावे. सॉकेट टाकीच्या वरच्या बाजूला असावे किंवा वायर सॉकेटखाली लोंबती सोडून मग वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली ठिबकते. टाकीत हात घालण्याआधी पिन काढावी. पाणी बदलण्याआधी पंधरा-वीस मिनिटे हीटर बंद ठेवावा, गरम काचेची नळी हवेत उघडी पडून पुन्हा पाण्यात गेली तर तडकते. नळीवरच्या खुणेपर्यंत पाणी असलेच पाहिजे.

हीटर परवडत नसेल तर

अशा गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने पाठवण्याचे कारण नाही. त्याला मासाच वेगळा द्यावा. पट्ट्यांचा झेब्रा मासा आणि रोझी बार्ब हे दोन्ही आपल्या देशातले आहेत आणि १८-२० अंशांपर्यंत आनंदात राहतात. झाकण, थर्माकोल व आतली भिंत एवढ्यावर बंद घरात त्यांचा हिवाळा बहुधा निघतो. गोल्डफिशलाही हीटर लागत नाही, पण तो मोठा होतो, घाण जास्त करतो आणि आपला उन्हाळा त्याला जड जातो. फायटर व एंजल मात्र हीटरशिवाय देऊ नयेत.

उन्हाळ्यात सारे उलटे होते. पारा चाळिशीपार गेला की हीटरची पिन काढून ठेवावी. गरम पाण्यात हवा कमी मुरते. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. त्या दिवसांत हवेचा पंप अखंड चालू ठेवावा, झाकण काढून जाळी लावावी आणि पाण्याच्या पृष्ठावर लहान पंखा सोडावा. इथे माठाची तीच किमया आपल्या कामी येते.

विक्रीची रीत

आमचा सल्ला असा की हा माल दोन फेऱ्यांत विकावा. पहिल्या फेरीत टाकी, फिल्टर, हीटर, थर्मामीटर आणि दोन-तीन कणखर मासे. दुसऱ्या फेरीत, महिन्या-दीड महिन्याने, बाकीचे मासे. गल्ल्यात आज थोडे कमी येईल. पण गिऱ्हाईक पुन्हा दुकानी येईल, त्याचे मासे जिवंत असतील आणि तो दाणे, वनस्पती, मोठी टाकी यांसाठी येत राहील. सोबत एका कागदावर चार ओळी छापून द्याव्यात: किती अंश, किती दाणे, किती पाणी बदलायचे, वीज गेल्यावर काय करायचे.

मासे आणताना थंडीचा विचार करावा. मुंबईत कुर्ला व क्रॉफर्ड मार्केट येथे शोभेच्या माशांचा बाजार आहे, चेन्नईतील कोळत्तूर तर या माशांच्या पैदाशीसाठीच ओळखले जाते. माल येतो तो पिशवीत एक हिस्सा पाणी व दोन हिस्से प्राणवायू भरून. हिवाळ्यात या पिशव्या थर्माकोलच्या पेटीतच मागवाव्यात. परभणीहून झरीपर्यंत मोटारसायकलवर उघडी पिशवी आणली तर तेवढ्या वाऱ्यात पाणी उतरते. आल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगू द्यावी, मग थोडे थोडे टाकीचे पाणी पिशवीत मिसळावे. नवा माल आठवडाभर वेगळ्या टाकीत ठेवून, ठिपके नाहीत हे पाहूनच विकावा.

ज्यांना पैदास करायची आहे त्यांच्यासाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मासे संगोपनाचा घटक ठेवण्यात आला. त्याचा प्रकल्पखर्च ३ लाख रुपये धरला होता, अनुदान सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. आज अर्ज घेतले जातात काय, हे जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारूनच भांडवल घालावे. घरातील भगिनींना हे काम परसातच करता येण्यासारखे आहे.

एक ताकीदही. गिऱ्हाईक कंटाळले तर मासे नदीत किंवा तलावात सोडू नयेत, दुकानात परत आणून द्यावेत, असे त्याला सांगावे. टाकी साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर मासा असाच सुटून उजनी जलाशयात वाढला आणि तिथल्या मच्छीमारांची जाळी व मासळी दोन्ही खराब करू लागला.

अमानत

काही बंधू विचारतात की हौसेसाठी जीव कोंडून ठेवणे योग्य आहे काय? हदीसमध्ये हजरत अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाचा प्रसंग येतो. त्या लेकराने एक चिमणा पक्षी पाळला होता. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याला मना केले नाही, उलट पक्षी गेल्यावर प्रेमाने त्याची विचारपूस केली. आणि दुसऱ्या हदीसमध्ये मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईला शिक्षा झाल्याचे सांगितले आहे. उलेमांनी यावरून हेच समजावले आहे की पाळण्यास हरकत नाही, पण चारा-पाणी व सोय यांची जबाबदारी पाळणाऱ्यावर आहे.

व्यापाऱ्यासाठी तिसरी हदीस आहे. बाजारात धान्याच्या ढिगात प्रेषितांनी (स.) हात घातला तेव्हा आतले धान्य ओले निघाले. ओले धान्य वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. डिसेंबरात हीटरशिवाय फायटर मासा विकणे आणि त्याबद्दल गप्प राहणे हे ओले धान्य खाली दडवण्यासारखेच आहे. माल दिसायला सुंदर, दोष आत. गिऱ्हाइकाला थंडीचे सांगावे, हीटरचे सांगावे, विजेचे सांगावे. ते ऐकून कोणी माघारी गेला तर जाऊ द्यावा. जो घेईल त्याची टाकी पुढच्या हिवाळ्यातही चालू असेल आणि तिच्याकडे बोट दाखवून तो दुसऱ्याला आपले दुकान सांगेल. बरकत अशीच येते, इन्शाअल्लाह.